रेघेच्या खालचं सामान

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. एक पोटरीएवढ्या उंचीवर, २००५ ची. दुसरी माझ्या खांद्याला लागते, ती २०१९ ची. दोन्ही मुळात पुराच्या पाण्यानं ओढलेल्या. चुना मारताना पुसल्या जाणार म्हणून आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, रंगाऱ्याला थांबवलं, टेपनं उंची मोजून घेतली आणि चुना वाळल्यावर कोळशानं पुन्हा ओढल्या. रंगारी म्हणाला, "काकू, असली आठवण कशाला ठेवायची भिंतीवर?" आत्या म्हणाल्या, "आठवण न्हवं ती. फळी कुठं मारायची त्याचं माप हाय."

मिस्त्रीला मात्र रेघ आवडली. मूळची मातकट रेघ जमिनीपासून एका कोपऱ्यात इंचभर जास्त उंच दिसत होती. चूक रेघेची नव्हती, जमीन तिकडं उतरती होती. आम्हाला पन्नास वर्षांत कळलं नव्हतं. तो म्हणाला, "वहिनी, एवढी खरी पाणसळ कुठल्या दुकानात मिळणार?"

आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात, नातं असो नसो. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. पावसाळ्यात इथं 'कसं काय' विचारायच्या आधी 'पाणी किती' असं विचारतात. पाणी म्हणजे कृष्णेचं, आयर्विन पुलाखालचं. १९२९ साली खुला झालेला हा पूल आमची फूटपट्टी आहे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही मिरजेला नणंदेकडं होतो, अंगावरच्या कपड्यांनिशी आणि एका पिशवीतल्या कागदपत्रांनिशी.

परत आलो तेव्हा दार आत ढकलता येईना. मागून गाळ लागला होता. पुराचा गाळ खराट्यानं निघत नाही, फावड्यानं ओढावा लागतो, आणि तोही ओला असतानाच. वाळला की दगड होतो. चार दिवस आम्ही फक्त ओढत होतो. पाचव्या दिवशी घरातलं सामान रस्त्यावर काढलं आणि आपसूक दोन ढीग झाले. एक उचलून नेण्यासाठी, एक धुण्यासाठी. कुठली वस्तू कुठल्या ढिगात जाणार हे आम्ही ठरवत नव्हतो. हातात घेतली की ती वस्तूच सांगायची.

उचलून न्यायच्या ढिगात सगळ्यात मोठं धूड होतं ते माझ्या मॉड्यूलर किचनचं.

ते २०१६ साली केलं होतं, दोन लाख दहा हजारांत, सोसायटीचं कर्ज काढून. मरून रंगाचे चकचकीत दरवाजे, हळूच आपोआप मिटणारे ड्रॉवर. दुकानदारानं 'सगळं मरीन प्लाय', म्हणजे पाण्यात न सुटणारं प्लायवूड, असं सांगितलं होतं. पुरानंतर दरवाजा उघडायला गेले तर तो बिजागरीसकट हातात आला. आतल्या खोक्याच्या कडा ब्रेडसारख्या फुगल्या होत्या. नखानं ओरखडलं तर ओला भुसा निघाला. प्लाय फक्त दरवाजांना होता. खोकी सगळी पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा भुसा चिकटवून, दाबून केलेल्या पाट्यांची, वर छान लॅमिनेटचा कागद. असला बोर्ड पाणी पिऊन एकदा फुगला की वाळल्यावर परत पहिल्यासारखा बसत नाही. तो सुटतच जातो. तीन वर्षं मी त्या कागदालाच लाकूड समजून ओल्या फडक्यानं पुसत होते.

त्याच्यावर पडला मजघरातला वॉलपेपर, त्याच्यावर फोमची सोफाकुशनं, त्याच्यावर नॉनस्टिकची कढई (ती पाण्यानं नाही, त्याआधीच चरे पडून गेली होती, पण टाकायला निमित्त लागतं). आणि त्याच्यावर एक प्लास्टिकचा क्रेट भरून बरण्या. ऑरिगॅनो, मिक्स हर्ब्ज, पेरीपेरी, तीन प्रकारचे पनीर मसाले, चायनीज सॉसच्या चार बाटल्या. काहींची सीलं फोडलेली नव्हती.

धुण्याच्या ढिगात काय होतं? आत्यांच्या लग्नातली पितळी पातेली. बिडाचा तवा आणि लोखंडी तवा, दोन्ही गंजून तांबडे. बाभळीची काटवट. दगडी खलबत्ता, ज्याला काही झालंच नव्हतं. सासऱ्यांच्या वडिलांनी करून घेतलेलं सागवानी फडताळ. ते गाळात पालथं पडलं होतं, चौघांनी उभं केलं तेव्हा त्याच्या तळातून पाणी गळत राहिलं. आत्या त्याच्यावर हात फिरवून म्हणाल्या, "उन्हात ठेवू नका, सावलीत वाळू द्या." उन्हात ठेवलं असतं तर तडकलं असतं. दोन महिने ते परसात पत्र्याखाली उभं होतं. मग मिस्त्रीनं एक खूर बदलला, काचकागद मारला, दोन हात जवसाचं तेल दिलं. आज त्यात डबे आहेत.

आणि फरशी. २०१६ साली जुन्या शहाबादीवरच पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या होत्या. पूर ओसरल्यावर त्या चालताना पोकळ वाजायला लागल्या. खालचा माल नीट भरलेला नव्हता, त्यात पाणी आणि गाळ शिरला होता. एक उचकटली, दुसरी उचकटली, आणि खाली ती जुनी राखाडी शहाबादी, जशीच्या तशी. सांधे उकरून पुन्हा भरले, झालं. आता उन्हाळ्यात दुपारी आम्ही सगळे तिच्यावरच आडवे होतो.

इथंपर्यंत ही गोष्ट 'जुनं ते सोनं' या वळणावर चालली आहे, हे मला दिसतंय. ती तशी नाही. जुन्यातही बरंच गेलं. मागच्या सोप्याची मातीची भिंत बसली. आत्यांची गोधडी गेली, कणगीतली ज्वारी आंबली, देवघरातल्या तसबिरी गेल्या. आणि नव्यातला स्टीलचा ओटा, गॅसची शेगडी, प्रेशर कुकर हे सगळं धुऊन पुन्हा चालू झालं. वयाचा काही संबंध नव्हता. जे आतबाहेर एकच होतं ते बहुतेक टिकलं. वर एक आणि आत दुसरं असं जे होतं ते सुटलं. पितळ घासलं तर खाली पितळच निघतं.

हा धडा मला माझ्या वडिलांनी तीस वर्षांपूर्वीच दिला होता, फक्त तो हळदीच्या बाबतीत आहे असं मला वाटलं होतं.

अण्णा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीचा हंगाम सुरू झाला की त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या पिवळ्या व्हायच्या आणि आईनं कितीही घासलं तरी पावसाळ्यापर्यंत पिवळ्याच राहायच्या. शाळेला सुट्टी लागली की मी डबा घेऊन जायची. पोत्यांच्या थप्प्यांमधनं चालताना नाकात तो वास, थोडा मातीचा, थोडा आल्याचा. एकदा त्यांनी दोन पोत्यांतनं एकेक हळकुंड काढून माझ्या हातात दिलं. "यातलं चांगलं कुठलं?" मी अर्थात जास्त पिवळं, गुळगुळीत, चकाकणारं दाखवलं. ते हसले. दुसरं, जरा मळकट दिसणारं घेतलं आणि दोन्ही हातांनी मोडलं. टण्णकन आवाज आला, जवळजवळ धातूचा. आतला रंग केशरीकडं झुकणारा, घट्ट, मेणासारखी झाक असलेला. मग माझं मोडलं. ते मोडलं नाही, वाकलं, मग फाटलं. नीट वाळलेलंच नव्हतं. "चकाकी पॉलिशच्या ड्रममधनं येते," अण्णा म्हणाले. "वर बघायचं न्हाई. मोडून बघायचं."

शेतातनं काढलेली हळद आधी शिजवतात, मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात, मग ड्रममध्ये फिरवून तिची खरबरीत साल काढतात. शिजवणं कमी पडलं तर आत रंग सारखा पसरत नाही, वाळवणं कमी पडलं तर बुरशी धरते. पॉलिश ही शेवटची पायरी, आणि आधीच्या दोन्ही पायऱ्यांची चूक काही दिवस झाकून ठेवण्याइतकी ती समर्थ असते. दळल्यावर तर विचारूच नका. पुडीतल्या पिवळ्या रंगात मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेटसारखा भेसळीचा रंग आहे का, हे डोळ्यांना काय कळणार? म्हणून आमच्या घरात हळद कधी पूड म्हणून आली नाही. अजूनही राजापुरी हळकुंडंच आणतो, चार-पाच मोडून बघतो, दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अण्णा नव्हते. असते तर म्हणाले असते, कागद चांगलाय, पण मोडून बघ.

त्यांनीच मला हरिपूरला पेव दाखवलं होतं. कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात ते हरिपूर, सांगलीपासून चालत जाण्याइतकं जवळ. तिथल्या मातीत खोल उभे खड्डे खणून, आत पाला अंथरून त्यात हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. वर्षानुवर्षं हळद राहायची, कीड नाही, बुरशी नाही. कारण आत प्राणवायूच उरायचा नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही, बराच वेळ थांबायचं, हा नियम अण्णा दोन-दोनदा सांगायचे. मला तेव्हा त्या खड्ड्यात बघण्यासारखं काहीच दिसलं नाही. ना दार, ना कोनाडा, ना सिमेंट. नुसतं बीळ. आता वाटतं, याहून साधं कोठार कुणी बांधलं नसेल, आणि त्याची सगळी अक्कल ती कुठल्या मातीत खणायची यात होती.

पण पुरानं पेवंही सोडली नाहीत. २००५ मध्ये कित्येक पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, कडा ढासळल्या, आणि हा प्रकारच हळूहळू मागं पडला. कुठलीही गोष्ट साधी आहे म्हणून नदी तिला वळसा घालून जात नाही.

पुरानंतरच्या पहिल्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात एक गॅस, दोन तवे, एक पातेलं, एक कढई आणि एक विळी एवढंच होतं. सामानात ज्वारी, मीठ, तेल, कांदे, लसूण, शेंगदाणे, हळद, आणि माळ्यावर राहिल्यामुळं वाचलेला बरणीभर कांदा-लसूण मसाला. पहिले काही दिवस कुठनं कुठनं आलेल्या भाकऱ्यांवर काढले होते, त्यामुळं घरी चूल पेटली याचंच अप्रूप. तरी मला मनातनं वाटत होतं की आठ दिवसांत सगळे कंटाळतील. कुणी कंटाळलं नाही. लेक, जी तोवर पिझ्झ्यावर ऑरिगॅनो कमी पडलं तर रुसायची, ती एकदा ताटावरच म्हणाली, "आई, हल्ली जेवण चांगलं लागतंय. काय बदललंस?"

मी काही बदललं नव्हतं. मी काढलं होतं.

वांग्याचंच उदाहरण देते. कृष्णाकाठची ती छोटी, काटेरी देठाची वांगी. पुराच्या आधी मी भरल्या वांग्यात काजू, खसखस, टोमॅटोची प्युरी, वरनं थोडी साय, असलं सगळं घालायची. कुठल्याशा हॉटेलात खाल्लेली होती तशी. भाजी व्हायची, पण डोळे मिटून खाल्ली तर वांगं कुठाय ते शोधावं लागायचं. त्या महिन्यात काजू नव्हते. वांगी देठ ठेवून चिरली, मिठाच्या पाण्यात टाकली. शेंगदाणे मंद आचेवर भाजले. हे शब्द मी आधीही बोलायची, पण तेव्हा पहिल्यांदा खरंच तिथं उभी राहून भाजले, कारण दुसरं काही करायलाच नव्हतं. सालं काळी पडली नाहीत, दाण्याला तांबूस ठिपके आले, वास बदलला, उतरवले. भरड कूट, मसाला, मीठ, एवढंच सारण. तेलात हळद टाकली, लगेच वांगी, झाकणात पाणी ठेवलं, आणि शिजत आल्यावर तेच गरम पाणी आत ओतलं. थंड पाणी घातलं असतं तर तेलाचा तवंग सुटला नसता. वांगं देठाशी धरलं तर हातात मऊ, तरी आख्खं.

जिन्नस पाचच असले की त्यातला प्रत्येक उघडा पडतो. शेंगदाणे खवट असतील तर लपवायला साय नाही. तेल जुनं असेल तर गरम मसाला धावून येत नाही. म्हणून साधा स्वयंपाक सोपा असतो यावर माझा आता विश्वास नाही. दहा मसाल्यांच्या भाजीत मी फोनवर बोलत बोलत तरून जाते. पिठलं करताना फोन घेतला की गुठळी झालीच.

भाकरीचं तर बोलायलाच नको. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा धरणारा घटक नाही. भाकरी एकसंध राहते ती ताज्या पिठावर आणि कढत पाण्यावर. आत्या पीठ हातात घेऊन मुठीत दाबतात, मूठ उघडतात, आणि सांगतात: विरी हाय, किंवा विरी गेली. दळून पंधरा-वीस दिवस झाले की पिठाची विरी जाते, मग तुम्ही कितीही मळा, थापताना कडा फाटणार. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी जमायची नाही, आणि मी समजायची की माझा हातच वाईट. मी महिन्याचं पीठ एकदम दळून आणायची, सोय म्हणून. सात वर्षांनी आत्यांनी एकदा डबा उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "तुझा हात बरा हाय गं. पीठ म्हातारं हाय." सात वर्षं का बोलल्या नाहीत, हे अजून विचारायचं राहिलंय.

आता दर आठवड्याला दोन-अडीच किलोच दळण. शाळू मंगळवेढ्याकडचा, मालदांडी. तो महाग पडतो. घाण्याचं शेंगतेल तर बाजारच्या पिशवीपेक्षा बरंच महाग. महिन्याचा हिशेब मांडला तेव्हा हे म्हणाले, "साधं खायचं ठरवलंय ना आपण? मग बिल का वाढलं?" मग दोघांनी बसून वजा-बेरीज केली. सॉस, बिस्किटं, तयार मसाले, आठवड्याचं एक हॉटेल गेलं होतं. फरक जवळजवळ मिटत होता, पण मिटत नव्हता. थोडं जास्तच जातं. ज्याला ते परवडत नाही त्याला मी साधेपणाचे गुण सांगायला जाणार नाही.

कारण एकदा मी ती चूक केली आणि आत्यांनी मला चांगलंच सुनावलं. घर पुन्हा लागल्यावर नणंदेच्या मैत्रिणी बघायला आल्या होत्या. मी उत्साहानं सांगत होते, पूर्वीची माणसं किती कमी वस्तूंत सुखी होती वगैरे. आत्या कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. मैत्रिणी गेल्यावर म्हणाल्या, "आमचा काय साधेपणा न्हवता गं. काय न्हवतंच आमच्याकडं. बहात्तरच्या दुष्काळात मिलो खाल्लीया आम्ही, ती परदेशी तांबडी ज्वारी. सुकडीसाठी रांगा लावल्यात. तवा एकच हुता कारण दुसरा घ्यायला पैसं न्हवतं. त्याला तू छान नाव दिऊ नको." मी गप्प बसले. लोखंडी तव्याला मी जपते ती माझी निवड आहे. त्यांनी जपला तेव्हा निवड नव्हती. तवा तोच.

साधेपणाचा थाट हा आणखी एक आजार, आणि तो मला झाला होता. २०२० मध्ये घर सजवताना माझ्या डोक्यात मासिकातली घरं होती. मॉड्यूलर नको म्हटल्यावर मी मुद्दाम 'गावरान' दिसणारं सामान शोधायला लागले. एक बाकडं आणलं, नवंच, पण घासून घासून जुनं केलेलं, त्याची किंमत खऱ्या जुन्या बाकाच्या दुप्पट. एक कंदील आणला ज्यात बॅटरीचा दिवा लुकलुकतो. आणि माळ्यावरचं घंगाळ खाली काढून त्यात मनी प्लांट लावला. आत्या त्या घंगाळाकडं बराच वेळ बघत होत्या. "ह्यात आंघुळीचं पाणी काढायचं, का झाड लावायचं?" दोन महिन्यांत आतून हिरवे चट्टे पडले. झाड कुंडीत गेलं, घंगाळ चिंचेनं घासून परत माळ्यावर. कंदील लेकीच्या मैत्रिणीला आवडला, तिला दिला. बाकडं आहे अजून. त्याचा एक पाय डुगडुगतो आणि खाली पुठ्ठ्याची घडी आहे.

ओट्याखालच्या कपाटांचं काय करायचं, हा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. मिस्त्री म्हणाला, यावेळी खरा मरीन प्लाय घेऊ. मी म्हटलं, मागच्या वेळीही तेच ऐकलं होतं. तो म्हणाला, "मग शिजवून बघा की." मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्यानं दोन दुकानांतनं हाताएवढे दोन तुकडे आणले, दोन्हींवर मरीन प्लायचा ७१० चा छाप. खऱ्या मरीन प्लायनं ७२ तास उकळत्या पाण्यात तग धरायला हवा, असा त्याचा नियम आहे म्हणे. तेवढा गॅस कोण जाळणार? माझ्या जुन्या, शिट्टी ढिल्या झालेल्या कुकरमध्ये दोन्ही तुकडे घातले, पाणी भरलं आणि पाऊण तास ठेवला. स्वयंपाकघरात ओल्या लाकडाचा आणि औषधासारखा कसलासा वास भरला. हे बाहेरनं आले आणि "आज काय केलंयस?" म्हणाले. झाकण उघडलं तर एका तुकड्याचे पदर पुस्तकासारखे उघडले होते. दुसरा होता तसाच, फक्त काळपट. अण्णांचीच पद्धत, मोडायच्या ऐवजी शिजवून.

तरी शेवटी आम्ही खाली प्लाय घातलाच नाही. कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे, दरवाजे नाहीत, पुढं सुती पडदा. चांगला प्लाय वापरला तो रेघेच्या वर, दोन फळ्यांना. पाल दिसते, धूळ दिसते, डबा वेडावाकडा ठेवला तर तोही दिसतो. पहिले सहा महिने मला याचा फार त्रास झाला. पाहुणे आले की पडदा ओढायची. मग लक्षात आलं की दिसतं म्हणून आपोआप आवरलं जातंय, आणि तिसरी गाळणी विकत घ्यावीशी वाटत नाही, कारण दोन समोरच लटकलेल्या असतात.

भिंतींना चुना ही आत्यांची कल्पना. आमच्या भिंती दगड-मातीच्या, हात-दीड हात जाड. त्यावर २०१६ ला मारलेला प्लास्टिक पेंट पुरानंतर फोड येऊन सालपटासारखा सुटत होता. ओल आत कोंडली होती, बाहेर यायला वाट नव्हती. चुन्यातनं भिंतीला श्वास घेता येतो. पण चुना मारणारा मिळेना. पेंटवाले दहा. मग एक म्हातारे गृहस्थ मिळाले, त्यांनी चुनकळी आणली आणि परसात पिंपात पाण्यावर टाकली. पाणी आपोआप उकळायला लागलं, खाली जाळ नाही काही नाही, पिंप भदभदा वाफ सोडतंय. लेकीनं व्हिडिओ काढला. चार-पाच दिवस तो मुरू दिला, फडक्यानं गाळला, त्यात थोडं गुळाचं पाणी आणि नखभर नीळ. गुळानं पकड येते, निळीनं पिवळटपणा मरतो. पहिला हात मारल्यावर भिंत पांढरी दिसतच नाही, ओली राखाडी दिसते, आणि मी पैसे वाया गेले म्हणून मनात रडत होते. वाळता वाळता तासाभरात ती आतून उजळत गेली. तो पांढरा रंग डब्यातल्या पांढऱ्यासारखा नाही. सकाळी निळसर, संध्याकाळी दिवा लावला की दुधासारखा. भिंतीला काही लावावंसंच वाटेना. एक खिळा आहे, त्याला सूप.

तोटे? भिंतीला टेकलं की पाठ पांढरी होते. ह्यांचे सगळे गडद शर्ट आता वरच्या खोलीत असतात. आणि दर दोन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी वाढलं, तेव्हा ती वेळ आणखी लवकर आली. पण त्या दिवशी खालचं सगळं सामान वर न्यायला आम्हाला दीड तास लागला. २०१९ ला दिवसभर नेत होतो आणि तरी निम्मं राहिलं होतं.

गेल्या वर्षी लेकीनं पुण्यात नोकरीच्या ठिकाणी भाड्यानं घर घेतलं. फोन आला, "आई, स्वयंपाकघरात काय काय लागतं? यादी पाठव." मी बसून ४३ वस्तू लिहिल्या. आत्यांनी चष्मा लावून वाचल्या, पेन्सिल मागितली. कानगोष्टी केल्यासारखं पुटपुटत एकेक खोडत गेल्या. इडलीपात्र खोडलं, चिमटा ठेवला. सुऱ्यांचा संच खोडला, त्याच्या जागी 'एक चांगली सुरी' असं स्वतःच्या हातानं लिहिलं, मोडीसारखं वळण आलं त्याला. शेवटी ११ उरल्या. लोखंडी तवा मात्र त्यांनी यादीत लिहिला नाही. उठून आतनं स्वतःचाच आणला, वर्तमानपत्रात गुंडाळला. "नवा घेतला तर तयार व्हायला वरीस जातंय."

तीन आठवड्यांनी व्हिडिओ कॉल. लेकीचा चेहरा उतरलेला, हातात तवा, तवा तांबूस. रात्री साबण लावून सिंकमध्ये तसाच ठेवला होता. "आई, आजीला सांगू नको. टाकून देऊ का हा? नॉनस्टिक घेते साधासा."

आजी माझ्या मागंच उभ्या होत्या. फोन त्यांनी माझ्या हातातनं घेतला, उलटा धरला, लेकीला बराच वेळ आमचं छत दिसत होतं.

"टाकती कशाला? पुरात आठ दिस हुता त्यो पाण्यात. मीठ हाय का घरात?"

"आहे."

"जाडं?"

"बारीक."

"चालतंय. कांदा अर्धा काप, त्येनं मीठ घास. हां, जोर लाव. आता धू. आता पूस, कोरडा पूस. गॅसवर ठेव. तेल सोड, थेंबभर, आन् फडक्यानं पसरव."

पलीकडं काहीतरी चर्र झालं, फोन कशाला तरी टेकवून ठेवला असावा, पडद्यावर अर्धा तवा आणि लेकीचं कोपर दिसत होतं.

"आजी, धूर निघतोय खूप."

"निघू दे," आत्या म्हणाल्या. "खिडकी उघड."